झाकणाचे खिसे

ताईचं दुकान म्हणजे बाजाराच्या इमारतीतली जिन्याखालची तिरकी जागा. एका टोकाला माणूस ताठ उभा राहू शकतो, दुसऱ्या टोकाला बसलेल्याचंही डोकं आपटतं. त्या बुटक्या टोकाला शिलाई मशीन आणि मशीनपाशी ताई, गेली एकवीस वर्षं. तिचं डोकं आता आपटत नाही. कुठे किती वाकायचं हे मानेला पाठ झालं आहे.

नवं काही ती शिवत नाही. लांब पँट आखूड करायची, घट्ट झालेली सैल करायची, चेन बदलायची, झिजलेली कॉलर उलटी करून लावायची. सकाळी नऊला पत्रा वर जातो आणि दिवसभर डोक्यावरून माणसं चढत-उतरत राहतात. कोण कसं चढतं हे तिला आवाजावरून कळतं. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना असल्यामुळे चढणारी पावलं रेंगाळतात आणि उतरणारी धूम ठोकतात, असं शेजारचे घड्याळवाले काका म्हणतात. काकांचं दुकान म्हणजे काचेचं एक कपाट आणि एक स्टूल. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर वाकलेले असतात आणि तरीही बाजारातलं त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

ताईचा धाकटा भाऊ तीन शर्ट घेऊन आला तेव्हा ताई एका कोटाची बटणं लावत होती.

"याला खिसे लाव," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंना. झाकणवाले."

"याला आहे की एक खिसा."

"एक नको. दोन. जाड कापडाचे. आतून अस्तर लावलंस तरी चालेल."

"एवढं काय ठेवणार आहेस त्यात? दगड?"

काकांनी भिंग न काढता मान वर केली. "ताई, माणूस मिळवता झाला की त्याला खिसे कमीच पडतात."

धाकटा हसला नाही. शर्ट मशीनवर ठेवून निघून गेला. जिन्याखालून बाहेर पडताना त्याला हल्ली तिरकं व्हावं लागतं. एके काळी हाच भाऊ त्या फटीतून ओल्या कागदासारखा आत-बाहेर करायचा.

लहानपणी त्याला सगळे काडीपैलवान म्हणायचे. पुढे तो खरंच काडी झाला, तेव्हा ते कुणी म्हणेनासं झालं.

तो नशेची पावडर घेतो हे घरात सगळ्यांत आधी ताईला कळलं आणि तेही कंबरेवरून. चौतीसची कंबर बत्तीस झाली, मग तीस. "कामाची दगदग आहे," तो म्हणायचा. "पोट बिघडलंय." ताई काही न बोलता पँट आत घ्यायची. त्याची एक राखाडी पँट तिनं पाच वेळा आत घेतली. शेवटच्या खेपेला मागचे दोन खिसे सरकत सरकत एकमेकांना येऊन चिकटले. ती पँट हातात धरून ताई बराच वेळ बसली होती. त्यानंतर तिनं त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. मग दुसऱ्यांदा नेलं. आणि आता हे तिसऱ्यांदा.

नऊ वर्षांत ती एकच गोष्ट शिकली. भाऊ काय सांगतो ते ऐकायचं नाही. तो शपथ घेतो, रडतो, आईच्या फोटोवर हात ठेवतो, आणि त्या क्षणी ते सगळं खरंच असतं. पण टेप खोटं बोलत नाही. म्हणून या वेळी तो केंद्रातून घरी आला तेव्हा तिनं नियमच केला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यानं दुकानाच्या उंच टोकाला उभं राहायचं, आणि तिनं माप घ्यायचं. छाती, दंड, कंबर. मशीनमागच्या भिंतीवर कापड बेतायचा खाकी कागद टाचलेला होता, त्यावर निळ्या खडूनं आकडे चढत गेले. काका दर वेळी विचारायचे, "काय म्हणतंय हवामान खातं?"

पहिल्या महिन्यात छाती तेहेतीस. मग चौतीस. पुन्हा चौतीस. मग छत्तीस, अडतीस, चाळीस. आणि अकराव्या महिन्यात बेचाळीस. शर्टांच्या कडांना आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड असतं, त्याला शिंपी माया म्हणतात. ती सगळी सोडून झाली, तेव्हा ताईनं काखेत नवे तुकडे जोडले. उसवताना तिच्या तोंडात गाणं असायचं. एवढं काम तिनं उभ्या जन्मात कुणाचं फुकट आणि एवढ्या आनंदानं केलं नव्हतं.

बेचाळीसचा आकडा तिनं भावजयीलाही कळवला. "छाती बेचाळीस! तू ओळखणार नाहीस." सोबत फोटो. भावजयीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, "बघितला."

भावजय तीन तासांच्या अंतरावर आपल्या आईकडे राहते, बेकरीच्या काउंटरवर काम करते. मुलगी नऊ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी ताई स्वतः जाऊन तिला घेऊन आली होती. "आता तो बरा आहे. ये." ती आली. सात आठवडे बरे गेले. आठव्या आठवड्यात एका दुपारी बाप मुलीला सांभाळायला घरी होता. भावजय सहा वाजता कामावरून आली तेव्हा मुलगी न्हाणीघराच्या बंद दाराशी बसलेली होती. दुपारभर तशीच. आत बाप बेशुद्ध पडलेला. मुलगी रडतही नव्हती. तिनं फक्त सांगितलं, "बाबा दार उघडत नाहीत. मी ओरडले नाही, शेजारचे रागावतात."

त्यानंतर भावजयीनं ताईला एकदाही दोष दिला नाही, आणि तेच ताईला जड गेलं. या खेपेला ती फोनवर एवढंच म्हणाली होती, "वर्ष होऊ दे. मग तुम्ही सांगा. ते काय सांगतात ते नको, डॉक्टरांचा कागदही नको. तुम्ही ये म्हणालात तर येईन. मागच्या वेळी तुम्ही खोटं नव्हतं सांगितलं, मला माहीत आहे ताई. पण तुम्ही नीट न बघता सांगितलंत."

वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे उरले होते.

खिसे लावताना ताईच्या हाताला काहीतरी खटकत राहिलं. झाकणं उलटी दाबून, अस्तर घालून पहिला खिसा छातीवर बसवला आणि ती थांबली. बारा-तेरा वर्षांच्या मुली तिच्याकडे यायच्या, आईच्या मागे उभ्या राहून हळूच सांगायच्या, इथे चुण्या घाला, इथे सैल करा, पुढे जाड कापड लावा. अंगात नवं काही फुटू लागलं की ते झाकायला माणूस जी जागा मागतो, तीच जागा भावानं मागितली होती. बोटभरही इकडेतिकडे नाही.

मग आणखी गोष्टी आठवू लागल्या. त्याच्या आतल्या चड्ड्यांवर मागच्या बाजूला तेलाचे ठिपके पडायचे. ताईला वाटायचं मशीनचं तेल. दुकानातले कपडे आणि घरचे कपडे एकाच पिशवीत कोंबते, आपलाच निष्काळजीपणा. एकदा तर तिनं त्याची माफीही मागितली होती, आणि तो "असू दे गं" म्हणाला होता. मशीनचं तेल धुतलं की पिवळा डाग राहतो. हे डाग पिवळे नव्हते. एकाच्या मधोमध तांबूस टिंब होतं. ते तिनं पाहिलं होतं आणि साबण लावून घासलंही होतं.

दुसऱ्याच्या कपड्यावरचा टाका सैल पडला तर तिला हातभर अंतरावरून दिसतो.

पहिला रविवार आला. धाकटा उंच टोकाला उभा राहिला, हात थोडे बाजूला धरून, दर वेळेसारखा. ताईनं टेप पाठीमागून आणून पुढे जुळवली आणि नेहमीपेक्षा किंचित ओढली. तो चटका बसल्यासारखा मागे सरला.

"काय झालं?"

"काही नाही. ओढतेस कशाला एवढं?"

"दुखतं?"

"ताई, आकडा लिही आणि सोड मला."

ती आकडा लिहायला वळली नाही. काका भिंग काढून पुसू लागले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"घरी चल," ताई म्हणाली.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत ताईची खाट, आतल्या खोलीत धाकट्याची. स्वयंपाकाचा ओटा मधल्या बोळात. खिडकीत अंड्यांचे चार ट्रे रचलेले. ताईनं दार लावलं आणि खुर्चीवर बसली. पाठ दुखत होती. अजून चहा झालेला नव्हता.

"शर्ट काढ."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"हजारो लोकांची मापं घेतली मी. मला नवल नाही कशाचं. काढ."

त्यानं बटणं काढली. खांदे एखाद्या कमानीसारखे झाले होते. पाठभर लाल पुटकुळ्या. आणि त्या दगडी छातीवर, दोन्ही बाजूंना, मऊ, सुजल्यासारखा, नको तिथे आलेला उंचवटा. त्यानं हात आडवे धरले. मग स्वतःच खाली सोडले.

"काय घेतोस?"

"व्हिटॅमिन."

"मला शाळेत घालायला निघालास?"

तो खाटेच्या कडेवर बसला. खाट करकरली. "अंग कमवायचं इंजेक्शन आहे. तेलातलं. व्यायामशाळेत मिळतं. सगळे घेतात, ताई. केंद्रात माझ्यासोबत होता ना, टक्कल असलेला, ट्रक चालवायचा तो, त्यानंच सांगितलं. पावडर सोडलेल्यांपैकी कितीतरी जण घेतात."

"किती दिवस?"

"सात-आठ महिने."

ताईनं हिशेब केला नाही. हिशेब भिंतीवर लिहिलेलाच होता. चौतीसनंतर छत्तीस.

"ही नशा नाही," तो घाईनं म्हणाला. "ऐक तरी. यात झिंग येत नाही. उलट पहाटे उठावं लागतं, घाम गाळावा लागतो, वेळेवर खावं लागतं. नशा करणारा कधी पहाटे उठतो का? तूच सांग."

"सुई आहे?"

"आहे."

"आणि लपवून ठेवतोस."

त्यानं काढलेला शर्ट मांडीवर ओढला.

"मग मला वेगळं काय सांगतोयस?"

"पावडर घ्यायचो तेव्हा लोक मला बघून रस्ता बदलायचे," तो म्हणाला. आवाज चढला होता. हल्ली तो कशावरूनही चढायचा, आणि ताईनं त्याचंही कौतुकच केलं होतं, अंगात रग आली म्हणून. "आता लोक बाजूला होतात. त्यात फरक आहे. तुला नाही कळायचा. शीतगृहात कामाला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला एक खोकं उचलेना. बर्फातली मासळी, चाळीस किलो. पोरं हसायची. म्हणायची, आजोबांना खुर्ची द्या. अडतीस वर्षांचा आहे मी!"

"मग मला सांगायचंस."

"तुला?" तो हसला. त्या हसण्यात विनोद नव्हता. "तिसऱ्या महिन्यात काय झालं आठवतं? चौतीसचे चौतीसच राहिले. मी वाट बघत होतो तू काय म्हणतेस. तू काही म्हणाली नाहीस. टेप गुंडाळलीस, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी पावडरीला हात लावला नव्हता, ताई. एकदाही नाही. पण तुझं तोंड बघून मला वाटलं, मी घेतलीच आहे."

बोळातल्या नळातून पाणी ठिबकत होतं. ताईला तो दिवस आठवत होता. ती रागावली नव्हती. ती फक्त घाबरली होती, आणि घाबरली की ती गप्प होते.

राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. तिला एवढंच वाटलं की आता पुन्हा एक नवी बाटली ओळखायला शिकायचं, तिचं नाव, तिचा वास, ती कुठे लपवतात ते. आगीतून निघाला आणि फुफाट्यात पडला, आणि आपण बाहेर उभं राहून टाळ्या वाजवत होतो.

ती उठली. "चहा टाकते," म्हणाली. "उद्या डॉक्टरांकडे जायचं."

केंद्रातल्या डॉक्टरीणबाई वयानं ताईपेक्षा लहान होत्या, पण चेहरा तसाच, झोप साठलेला. त्यांनी धाकट्याला तपासलं, रक्तदाब दोनदा घेतला, दुसऱ्यांदा घेताना ओठ मिटले. मग समोरची फाईल उलगडली. अकरा महिन्यांच्या लघवीच्या तपासण्या. सगळ्या स्वच्छ.

"म्हणजे हे यात येत नाही?" ताईनं विचारलं.

"जे शोधलं ते सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे आम्ही शोधलंच नव्हतं." त्यांनी फाईलमधला छापील कागद दाखवला. "दर महिन्याला विचारायचे अकरा प्रश्न आहेत. दारू, पावडर, गोळ्या, गांजा. याच्याबद्दल एकही नाही. मीही यांना बघून खूश होत होते. मागच्या महिन्यात नव्या पेशंटना म्हटलं, यांच्याकडे बघा." त्यांनी पेन घेतलं आणि खालच्या रिकाम्या जागेत बारावा प्रश्न हातानं लिहिला. तो लिहून झाल्यावर धाकट्याकडे वळल्या. "सुई कुणाची वापरली?"

"माझीच." मग थोड्या वेळानं, "एक-दोनदा त्या ट्रकवाल्याची."

"रक्त तपासू. हृदयाचा आलेखही काढू. आरशात किती वेळा बघता?"

धाकटा गोंधळला. "बघतो."

"बघितल्यावर कसं वाटतं?"

"बारीक वाटतो," तो म्हणाला.

ताईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. खुर्चीच्या दोन्ही हातांबाहेर तो सांडत होता. बारीक वाटतो म्हणे. पण तो थट्टा करत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी घाई न करता सांगितलं. बाहेरून हार्मोन भरपूर मिळालं की शरीर स्वतः बनवायचं थांबवतं. आता बंद केलं की काही महिने अंगात जीव नसल्यासारखं वाटेल, झोप बिघडेल, मन काळवंडेल. अंग उतरेल. "आणि नेमकं तेव्हाच जुनी पावडर आठवेल. म्हणून हे एकट्यानं करायचं नाही. दर आठवड्याला यायचं. मनात काय येतंय ते बोलायचं, कितीही वाईट असलं तरी. छातीवरचं थोडं उतरेल, सगळं उतरेलच असं नाही. नाही उतरलं तर लहानसं ऑपरेशन असतं."

"म्हणजे माझं वर्ष गेलं?" धाकट्यानं विचारलं. हा प्रश्न त्यानं दाबून धरला होता हे त्याच्या आवाजावरून कळलं.

"तुम्ही अकरा महिने पावडर घेतली नाही. ते कोण काढून घेणार? पण त्या जागी काय घेतलं, तेही त्याच अकरा महिन्यांतलं आहे."

परतताना बसमध्ये दोघं शेजारी बसली. त्याच्या खांद्यामुळे ताईला अर्धी सीटही उरली नव्हती.

"तिला काय सांगणार आहेस?" त्यानं विचारलं.

"अजून फोन यायचाय तिचा."

"आला की सांग, पावडर घेत नाही. एवढंच सांग ना. ते खोटं नाही."

"नाही."

"मग?"

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. एका दुकानाच्या काचेआड उभ्या बाहुल्यांना कुणीतरी कपडे चढवत होतं. पाठीमागून टाचण्या लावून कपडे घट्ट केलेले, पुढून अगदी मापात.

फोन शनिवारी दुपारी आला. ताई एका पँटची चेन उसवत होती. धाकटा डबा घ्यायला आला होता आणि उंच टोकाला उभा होता. भावजयीचं नाव बघून त्यानं डबा खाली ठेवला.

"ताई, जेवलात?"

"जेवले. तू?"

"उभ्याउभ्याच. आज गर्दी आहे." मागे ट्रे आपटल्याचा आवाज आला. "येत्या शनिवारी वर्ष होतंय. मालकीणबाईंकडे रजा मागायची तर आज सांगावं लागेल. म्हणून विचारते. काय सांगता?"

ताईनं भावाकडे पाहिलं. त्यानं हात जोडलेले नव्हते. नुसता उभा होता, छातीवर झाकणाचे दोन खिसे, रिकामे. जिन्यावरून कुणीतरी दात धरून धडधडत उतरलं.

"पावडर घेत नाही," ताई म्हणाली.

पलीकडून श्वास सुटल्याचा आवाज आला. धाकट्यानं डोळे मिटले. इथेच थांबता आलं असतं. वाक्य पूर्ण होतं आणि खरं होतं, आणि ताई इतकी थकली होती की फोन ठेवून त्याच मशीनवर डोकं टेकून झोपली असती.

"ऐक," ती म्हणाली. "अजून संपलं नाही माझं."

आणि तिनं सांगितलं. तेल, सुई, व्यायामशाळा, छाती, डॉक्टरांनी काय सांगितलं ते सगळं. मध्ये एकदा भावजय म्हणाली, "पण तुम्ही तर बेचाळीस म्हणाला होता," तेव्हा ताई म्हणाली, "हो. मीच म्हणाले. मीच खूश झाले होते." धाकटा मध्येच निघून गेला. तिरका होऊन बाहेर पडताना त्याचा खांदा पत्र्याला घासला. डबा तिथेच राहिला.

पलीकडे कुणीतरी पाव मागितले, भावजयीनं ते देऊन पैसे घेतले.

"मी नाही येत ताई. आत्ता नाही."

"बरं."

"चिडला नाहीत ना?"

"नाही गं. कशाला चिडू?"

"ते ऐकत होते का?"

"होता. आता गेला."

मग भावजय म्हणाली, "पुढच्या रविवारी तिला घेऊन येते. दुपारी दोन तास. ती विचारत असते. पण घरी नाही. तुमच्या दुकानात."

"दुकानात बसायला जागा नाही."

"उभ्या राहू. आणि ताई, ते मापाचे आकडे आता मला नका पाठवू."

फोन ठेवल्यावर काका हळूच म्हणाले, "डबा मी नेऊन देऊ का शीतगृहात? माझंही काम आहे तिकडे." त्यांचं तिकडे काहीही काम नव्हतं. ताईनं डबा त्यांच्या हातात दिला. मग भिंतीवरचा खाकी कागद काढला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर एका बाईच्या जुन्या झग्याला लावायची बाही बेतायला घेतली.

धाकटा चार दिवस बोलला नाही. घरी यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. ताई कामावरून आली की आधी न्हाणीघराच्या दाराकडे बघायची. ते उघडं असायचं. बुधवारी तो डॉक्टरांकडे जाणार की नाही हे तिनं विचारलं नाही. तो गेला. परत आला तेव्हा दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता आणि डोळे सुजलेले होते. जेवताना म्हणाला, "मीठ जास्त झालंय." चार दिवसांतलं पहिलं वाक्य. ताईला ते गोड लागलं.

रविवारी एक वाजता तो दुकानात आला. अंगात बनियन, हातात शर्ट.

"खिसे काढ याचे."

"आज? तासाभरात येतील त्या."

"म्हणूनच. पोरगी आधी खिसे तपासते. लहान होती तेव्हापासून. माझ्या खिशात तिच्यासाठी काहीतरी असायचं." तो थांबला. "झाकण उघडलं की हात लागेल. दुखेल. मग विचारेल, बाबा काय झालं. काय सांगू?"

"तेच विचारेल खिसा नसला तरी. दिसेल तिला."

"दिसू दे."

"कापडाचा रंग उडालाय रे. जुन्या खिशाखालचं गडद राहिलं असेल. चौकोन दिसेल, टाक्यांची भोकं दिसतील."

"तू काढ गं."

ताईनं शर्ट मांडीवर घेतला. हा खिसा तिनं दुहेरी टाक्यानं शिवला होता, आतून अस्तर, कोपऱ्यांना जास्तीची शिलाई. उसवायला कठीण जावा असाच. ती एकेक टाका ब्लेडच्या टोकानं उचलू लागली. धाकटा बुटक्या टोकाला येऊन तिच्याशेजारी टेकला, डोकं आपटलं, शिवी दिली.

"वाक जरा," ताई म्हणाली.

तो वाकला. तुटलेले धागे आपल्या जाडजूड बोटांनी एकेक करून उपसत राहिला. शेजारी काका आज भिंग लावून एका घड्याळात इतके बुडाले होते की ते घड्याळ बंदच असणार.

"काल आठवली," धाकटा खालमानेनं म्हणाला. "पावडर."

ताईचा हात थांबला नाही. "मग?"

"मग काही नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या बोलत बसल्या."

"बरं केलंस."

डावा खिसा निघाला. खाली जुन्या खिशाच्या जागी गडद निळा चौकोन उरला, नव्या कापडाच्या रंगाचा. उजव्या खिशाच्या झाकणाला ती भिडली तेव्हा काकांच्या कपाटातली सगळी घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवत होती, आणि जिन्याशेजारच्या फाटकातून दोन माणसांची पावलं आली. एक सावकाश. एक धावत येऊन अचानक थांबलेलं.

धाकट्यानं शर्ट तिच्या मांडीवरून ओढून घेतला, लोंबत्या दोऱ्यांसकट, आणि तसाच अंगात चढवला. एका बाजूला खिसा, एका बाजूला चौकोन. बटणं लावता लावता त्यानं ताईकडे बघितलं.

"बरा दिसतो का?"

"दोरा लोंबतोय," ताई म्हणाली, आणि पुढे वाकून तिनं तो दातांनी तोडला.